नकार दिलेलं घर

“मांडवकरांकडे तू जा,” डॉक्टर मुळ्ये म्हणाले.

“दुसऱ्या कुणाला तरी पाठवा ना.”

“दुसरं आहे कोण?”

तेही खरंच होतं. तांबळ खोरे न्यास या भारदस्त नावाखाली त्या काळी डॉक्टर, मी आणि डॉक्टरांची जुनी स्कूटर एवढाच पसारा होता. डॉक्टरही माणसांचे नव्हेत, गुरांचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तांबळ नदीच्या खोऱ्यात अडलेल्या म्हशी सोडवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ज्या पऱ्यांवर गुरं मे महिन्यापर्यंत पाणी प्यायची, ते ओढे आता शिमग्याआधीच कोरडे पडतायत. वर डोंगरउतारावर लोकांच्या मालकीची रानं होती. ठेकेदार येत, एकेक उतार न्हाव्यासारखा साफ करून जात, आणि खालचा पऱ्या दोन-चार वर्षांत आटत असे. तेव्हा डॉक्टरांनी न्यास काढला. आमचं काम सोपं होतं. मालकाच्या ओटीवर बसायचं आणि सांगायचं, जमीन तुमचीच, सातबाराही तुमचाच, फक्त रान तोडणार नाही असा करार करा. वणव्यापासून राखण आम्ही करू, वाडीच्या अडीनडीला आम्ही उभे राहू. बरेच जण सह्या करत, काही जण चहा पाजून वाटेला लावत. लोक आम्हाला झाडवाले म्हणायचे.

मांडवकरांचं रान सगळ्यांत वरचं, सड्याच्या सपाट कातळाला लागून. सड्यावर पडलेलं पाणी त्या रानात मुरायचं आणि तिथूनच तांबळचा पहिला पऱ्या निघायचा. डॉक्टर त्याला नदीची टाळू म्हणत. आणि त्या रानात सोमवारी ठेकेदाराची माणसं उतरणार अशी बातमी होती.

“मुलगा सुहास, तो बरा आहे,” डॉक्टर सांगत होते. “आई अनसूयाबाई, ती कडक. तिची म्हैसही तशीच होती, मला एकदा गोठ्याबाहेर काढलं होतं तिने.”

“मला माहीत आहे.”

“म्हैस?”

“बाई.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, पण मी स्कूटरची किल्ली उचलली. माझ्यासाठी वर्षभरापूर्वी याच सुहासचं स्थळ आलं होतं आणि मीच त्याला नकार दिला होता, हे त्यांना सांगायचं कसं?

स्थळात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तालुक्याला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, धंदा बरा चालत होता, माणूस शांत. आमच्याकडची मंडळी घर बघायला गेली तेव्हा हट्टाने मीही गेले होते. परत आल्यावर मी नाही म्हटलं. आत्याने ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप धाडला. आमच्याकडे नकाराला तेवढा एकच सभ्य शब्द आहे. खरं कारण मी आत्यालाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपार कलल्यावर मी स्कूटर खाली रस्त्याला लावली आणि पाखाडीच्या पायऱ्या चढून वर गेले. अंगणात अनसूयाकाकी कुळीथ झोडत बसली होती. मला पाहून तिचा हात थांबला नाही.

“घाणेकरांची वृंदा ना गो तू?”

“हो, काकी.”

“जुळली वाटतं पत्रिका आता.”

मी हसल्यासारखं केलं. ती हसली नाही.

“बस,” तिने बाकाकडे बोट केलं. “दर्शना, पाणी आण पाहुणीला.”

आतून तिची सून आली. गेल्याच मे महिन्यात लग्न झालेली, उंच, सावळी, चालणं झपझप. तिने माझ्या हातात अर्धा पेला पाणी दिलं आणि ओटीच्या दारात उभी राहिली. पाठोपाठ सुहासही आला. “बोला,” म्हणाला आणि पायरीवर बसला. त्याच्या बोलण्यात कुठे राग नव्हता. त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

माझं नेहमीचं भाषण मला तोंडपाठ होतं. सड्यावरचं पाणी, रानातला पालापाचोळा, पऱ्या, नदी, खालच्या वाड्या. सुहासने सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही म्हणता ते चूक नाही,” तो म्हणाला. “पण मी रान हौसेने तोडत नाहीये. या घरात पाणी नाही. आमचा झरा आता जानेवारीतच बंद होतो. मग खालच्या डोहातून, भैरीच्या कोंडीतून आणायचं. कोंड बारमाही आहे, पण चढ तुम्ही आत्ताच चढून आलात. झाडांचे पैसे आले की बोअर मारतो. पाणाड्याने जागा दाखवलीय.”

“आणि बोअरला पाणी नाही लागलं तर?”

“लागेल की. त्याच्या हातातला नारळ उभा राहिला.”

दारातून दर्शना म्हणाली, “पण वरचं रान गेल्यावर बोअरला तरी पाणी कुठून—”

“चहाचं बघ तू,” काकी म्हणाली. दर्शना आत गेली.

काकीने हातातलं दांडकं खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे नीट वळून बसली.

“रानाचं राहू दे. मला एक सांग. पत्रिका जुळत नव्हती ना? मी ती दुसऱ्या भटजींना दाखवली. ते म्हणाले, अशी जुळणारी पत्रिका आपण दहा वर्षांत पाहिली नाही.”

“आई, जाऊ दे ना आता,” सुहास पायरीवरून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“का जाऊ दे? माझ्या घरात काय वाईट बघितलं हिने, ते मला कळायला नको? खरं काय ते सांग, मग तुझ्या कागदाचं बघू.”

थाप मारणं अवघड नव्हतं. पुढे शिकायचं होतं, शहरात राहायचं होतं, असं काहीही चाललं असतं. पण सुहास खाली मान घालून बसला होता आणि आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं, आपण काहीतरी गुळमुळीत बोललो तर या माणसाला जन्मभर वाटत राहील की खोट त्याच्यातच होती. त्याच्या बायकोलाही तसंच वाटेल.

“सांगते,” मी म्हटलं. “आम्ही घर बघायला आलो होतो, तेव्हा तुम्ही आत्याला कुंकू लावायला वाकलात. तुमचा पदर सरकला. तुमच्या टाळूवर केस नव्हते, काकी. चुंबळ ठेवायची तेवढी जागा, एकदम गुळगुळीत. मी ते पाहिलं. मग तुमचे हंडे पाहिले. घरी गेल्यावर केस विंचरायला बसले की माझा हात आपोआप टाळूवर जायचा. सुहासमध्ये काही वाईट नव्हतं, तुमच्यातही नव्हतं. मला जन्मभर डोक्यावरून पाणी भरायचं नव्हतं, एवढंच.”

कोंबडी येऊन कुळीथ टिपायला लागली तरी तिला कुणी हाकललं नाही. काकीचा हात हळूच पदराखाली गेला आणि टाळूवरून फिरला.

“माझ्या सासूचं तर इथपर्यंत गेलं होतं,” ती कपाळाच्या वर बोट ठेवत म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आपण हिला रडवलं. पण ती हसत होती. “ऐकलंस का गो दर्शना? ही माझ्या टकलापायी तुझ्या नवऱ्याला नाही म्हणाली.”

सुहासही हसायला लागला. “आणि मी वर्षभर समजत होतो की माझे पुढचे दात नडले,” तो म्हणाला. त्याचे दात खरंच थोडे पुढे होते, पण हसताना ते छान दिसत.

मला वाटलं, आता सही झालीच. पण अनसूयाकाकी अशी सुटणारी नव्हती. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, “म्हणजे हंडा नको म्हणून तू हे घर नाकारलंस. आणि आज तूच येऊन सांगतेस, रान तोडू नका. म्हणजे बोअर नाही. म्हणजे हंडा आमच्या डोक्यावर आहे तसाच. स्वतःचा तेवढा चुकवलास होय?”

नदी, खोरं, खालच्या वाड्या, सगळे शब्द त्या अंगणात पोकळ वाटायला लागले. मी सुहासला विचारलं, “कोंडीवर मोटर का नाही बसवत? तुमचा तर धंदाच तो.”

“दुकानात मोटरी पडून आहेत,” तो म्हणाला. “पण पाईप गुरवांच्या पोफळीच्या बागेतून आणावा लागतो, दुसरी वाट नाही. बाबांचं आणि भिवा गुरवांचं गुरं शिरण्यावरून वाजलं होतं. बाबा गेले, तरी ते बोलत नाहीत. मी दोनदा जाऊन आलो. बाकावर बससुद्धा म्हणाले नाहीत.”

“परवानगी मी मिळवून देते,” मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही कळत नाही. भिवा गुरवांना मी ओळखतही नव्हते.

“आणि नाही मिळाली तर?” काकीने विचारलं.

“तर रान तोडा. ठेकेदाराला मी स्वतः निरोप देईन.”

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. बाजारात भाजीवालीच्या हातातल्या मापाकडे पाहावं तसं. मग सुहासला म्हणाली, “त्याला सांग, शिमगा होईपर्यंत थांब म्हणावं.”

चहा घेऊन मी निघाले तेव्हा दर्शनाही कळशी आणि चुंबळ घेऊन पाणी आणायला निघाली. गुरवांच्या बागेच्या दगडी गडग्यापाशी आल्यावर ती म्हणाली, “माझ्या माहेरी असंच रान तोडलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. मग दोन ठिकाणी बोअर मारली, नुसती धूळ वर आली. हे मी लग्न होऊन आल्यापासून सांगतेय.”

“घरात सांगितलंत?”

“तर काय भिंतींना सांगितलं?” ती हसली. “पण सुनेने सांगितलं की ते गाऱ्हाणं होतं, पाहुणीने सांगितलं की तो सल्ला होतो. आज तुम्ही अर्धा तास बोललात आणि ठेकेदार थांबला. सून होऊन आला असतात ना, तर तुम्हालाही ‘चहाचं बघ’ म्हणाले असते.”

ती पुढे म्हणाली, “मला घर बघायला कुणी आणलंच नव्हतं. नाहीतर मीही पाहिलं असतं त्यांचं डोकं.” यात कडवटपणा नव्हता. एखादी एसटी चुकल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं आणि चुंबळ कमरेला अडकवून कोंडीकडे वळली.

सोमवारी मी डॉक्टरांना सगळी हकिगत सांगितली, पत्रिकेसकट. ते आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे तू नदीची टाळूच पणाला लावून आलीस.”

“तुम्ही नसता लावली?”

“मी नकार दिलेल्या घरी गेलोच नसतो.” मग स्वतःच उठले. “चल. भिवाची गाय मी मरता मरता वाचवली होती. माझा शब्द तो मोडायचा नाही.”

भिवा गुरवांनी शब्द मोडला. अगदी आदराने मोडला. डॉक्टरांना त्यांनी खुर्ची दिली, शहाळं दिलं, गाईची आठवण काढली, आणि म्हणाले, “डॉक्टर, गाय वाचवलीत, तुमचे उपकार आहेत. हवं तर तुमच्या घरापर्यंत पाईप टाका. मांडवकरांचा पाईप माझ्या बागेतून जायचा नाही.” डॉक्टरांनी नदीचं सांगितलं, खोऱ्याचं सांगितलं. गुरव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि शेवटी नाहीच म्हणत होते. परत येताना डॉक्टर स्कूटरवर माझ्यामागे बसले होते. उतारावर म्हणाले, “बैल ओढत नसेल तर काठी काय कामाची.”

शिमगा जवळ आला होता. पांगारे फुलून लाल झाले होते आणि वाडीवाडीत होळीसाठी शेवरीचा सोट शोधायला मंडळी निघाली होती. मला झोप लागेना. मग एका सकाळी न्हाताना मला दर्शनाचंच बोलणं आठवलं आणि मी ओल्या केसांनीच स्कूटर काढली.

दर्शना कोंडीवर कळशी भरत होती.

“माझ्याबरोबर गुरवांकडे चला,” मी म्हटलं.

“मी? मी काय बोलणार?”

“तुम्ही म्हणालात ना, पाहुणीचं ऐकतात. आम्ही झाडवाले, आमचं सांगून झालंय. गुरवांच्या घरात तुम्ही सून नाही, पाहुणी आहात. भांडणाच्या वेळी तर तुम्ही या गावातही नव्हतात. तुमच्यावर त्यांचा कसला राग?”

तिने थोडा विचार केला. मग कळशी कोंडीच्या काठावर ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि माझ्या पुढे चालायला लागली.

गुरव खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले होते. ही मांडवकरांची सून हे कळल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण दारात आलेल्या लेकीबाळीला बस न म्हणणं त्यांना जमलं नाही. दर्शना बसली. तिने नदीचं नाव काढलं नाही, रानाचंही नाही.

“काका, तुमच्या खालच्या रांगेतल्या पोफळी वाळायला लागल्यात,” ती म्हणाली. “मी रोज येता-जाता बघते.”

“पाणी पोचत नाही तिथवर,” गुरव म्हणाले. “पाट मधेच मुरतो.”

“आमचा पाईप नेमका त्याच रांगेवरून जाईल. मधे एक नळ सोडला तर? संध्याकाळी तासभर तुमच्या पोफळींना, मग आमच्या टाकीला. मोटर आमची, वीज आमची. आणि गुरं तुमच्या बागेत पुन्हा शिरली तर मला हाक मारा, मी स्वतः येऊन हाकलीन.”

गुरव सुपारी सोलायचे थांबले. आतून त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “त्या रांगेला मागच्या वर्षीपासून सुपारी धरत नाही, मी म्हणतेच आहे.”

“तू गप,” गुरव म्हणाले. पण मग सुपारी फिरवत बसले. शेवटी म्हणाले, “हे तुझ्या नवऱ्याला नाही सुचलं ते?”

“त्यांना तुम्ही बस कुठे म्हणालात?” दर्शना म्हणाली.

गुरवांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. गुरवांनी माझ्याकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, आणि म्हणाले, “नळ पितळेचा लावा. प्लास्टिकचा टिकत नाही.”

होळीच्या आदल्या दिवशी चर खणायला सुरुवात झाली. सुहास, दर्शना, मी, आणि वयाचा विचार न करता डॉक्टरही. पाडव्याला अनसूयाकाकीच्या अंगणातल्या टाकीत पाणी पडलं. तो आवाज ऐकायला ती टाकीला कान लावून उभी राहिली होती. त्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन तिने आणि सुहासने करारावर सह्या केल्या. परत येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली आणि उगाच माझा हात हातात धरून राहिली.

मी डॉक्टरांना म्हटलं, “न्यासाला अजून एक माणूस हवंय.” डॉक्टर म्हणाले, “मी तेच म्हणणार होतो.” काकीने सुनेला नोकरीला पाठवायला थोडे आढेवेढे घेतले, मग स्वतःच तिला घेऊन कार्यालयात आली. खुर्च्या मोजल्या, खिडकी उघडून पाहिली आणि ठीक आहे म्हणाली.

आता डॉक्टर नाहीत. मीही न्यासातून केव्हाच बाजूला झाले. न्यास दर्शना चालवते. खोऱ्यातले कितीतरी उतार तिच्या शब्दावर उभे आहेत आणि तांबळचा पहिला पऱ्या उन्हाळ्यात पुष्कळ पुढपर्यंत वाहतो. लोक मला विचारतात, न्यासाचं सगळ्यांत मोठं काम कोणतं. मी मांडवकरांचं रान म्हणते, पण माझ्या मनात असतो तो दुसराच दिवस.

दर्शना नोकरीला लागली त्याच वर्षी दिवाळीनंतर जाळरेषा काढायची होती. वणवा आत शिरू नये म्हणून रानाच्या कडेने गवत कापून मोकळा पट्टा ठेवतात. मांडवकरांच्या रानाला तो पट्टा त्यांच्याच काजूंतून न्यावा लागणार होता आणि काही कलमं काढावी लागणार होती. सुहासला ते पटत नव्हतं आणि काकीला त्याहून नाही. घरात विषय काढला की वाद व्हायचा.

“आपण रीतसर जाऊ,” दर्शना मला म्हणाली.

ती सकाळी घरातून निघून कार्यालयात आली. मग आम्ही दोघी स्कूटरवरून पुन्हा तिच्याच घरी गेलो, पाखाडी चढून, पुढच्या अंगणातून. दर्शना आत गेली नाही. चपला पायरीखाली काढून माझ्याबरोबर बाकावर बसली, पिशवीतून नकाशा काढून मांडीवर पसरला आणि सासूकडे पाहिलं.

अनसूयाकाकी दारात उभी होती. तिने सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सुहास हसू दाबत खांबाला टेकला. काकी काहीतरी बोलणार होती, पण थांबली. मग पुढे आली, समोर पाट घेऊन बसली आणि पदर सारखा करून म्हणाली, “बोला. न्यासाचं काय म्हणणं आहे?”

दर्शनाने नकाशावर बोट ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. तिचं पूर्ण बोलून होईपर्यंत काकीने तिला मधे एकदाही थांबवलं नाही.